पोर्ट ऑगस्टाच्या उत्तरेला

साशंक : पोर्ट ऑगस्टापासून डार्विनपर्यंत स्टुअर्ट हायवे सुमारे २,७०० किलोमीटर भरतो. आमच्या अ‍ॅडलेडहून निघायचं तर त्यात आणखी तीनशे धर. विमान चार तासांच्या आत पोचवतं. ‘घान’ रेल्वे २००४ पासून थेट डार्विनपर्यंत जाते. मोटार घेतलीस तर पाणी, शिधा, जादा टायर सगळं मागे टाकता येतं आणि डोक्यावर सावली असते. हे सगळं सोडून तू दोन चाकांवर गेलास, आणि आता पुन्हा जायचं म्हणतोस. अडचण मुद्दाम ओढवून घ्यायची आणि ती पार पडली की आनंद मानायचा, यात त्या मुलखाचा संबंध कुठे येतो, हे मला कळत नाही. नुसती अडचणच हवी असेल तर ती सह्याद्रीतही मिळते. आउटबॅक मोठा आहे, मोकळा आहे, म्हणून सोयीचा, असंच ना? मी इथल्या हॉस्पिटलमध्ये इतकी वर्षं काम करते आहे. उत्तरेकडून विमानाने आणलेले पेशंट माझ्यासमोर येतात. तेव्हा मी वादासाठी वाद घालत नाही, एवढं धरून चाल.

स्वार : अगं, अडचण मी तयार केलेली नाही. ती तिथे आहेच. मोटारीची काच आणि एसी ती तुला जाणवू देत नाहीत, इतकंच. जुलैत ग्लेंडॅम्बोहून सकाळी निघालो तेव्हा बोटं क्लचवर वळत नव्हती. थांबून ग्लोव्ह्जसकट हात इंजिनाजवळ धरायचे आणि पुढे निघायचं. दहानंतर एकेक कपडा उतरवायचा, दुपारी जॅकेटच्या आत घामाच्या धारा, आणि रात्री पुन्हा पारा शून्याच्या जवळ. मेलेलं कांगारू दिसायच्या आधी वासाने कळतं. वास आला की वेग उतरवायचा, कारण त्याच्यावर मोठा गरुड बसलेला असतो. खाऊन जड झालेला तो पक्षी चटकन उठत नाही, आणि उठतो तो नेमका हेल्मेटच्या उंचीवरून आडवा जातो. समोरून रोड ट्रेन येते. एका ट्रकमागे तीन ट्रेलर, लांबी ५३ मीटरच्या वर. ती दिसल्यापासून जवळ येईपर्यंत बराच वेळ जातो. तेवढ्यात गुडघे टाकीला घट्ट लावायचे, अंग खाली घ्यायचं, हँडल मात्र सैल ठेवायचं. आधी हवेचा दणका छातीवर बसतो, मग ती बाजूने जात असताना गाडी तिच्याकडे ओढली जाते, आणि शेवटचा ट्रेलर गेला की दुसरा दणका. नवखा माणूस इथे हँडल आवळतो आणि गाडी डगमगायला लागते.

आणि पेट्रोल. ग्लेंडॅम्बो सोडलं की कूबर पेडीपर्यंत अडीचशे किलोमीटर पंप नाही. माझी ३९० अ‍ॅडव्हेंचर, साडेचौदा लिटरची टाकी. कागदावर हिशेब आरामात बसतो, पण उत्तरेचा वारा तोंडावर सुटला की काटा डोळ्यांदेखत खाली येतो. मग एकशेदहावरून नव्वदवर यायचं, वाऱ्याखाली वाकायचं. ही गाडी चाकणला बनते, तुला माहीत आहे. चाकणच्या चौकात सिग्नलला अडकलेली मी ती रोज बघतो. तिथे अंतर म्हणजे वेळ. स्टुअर्ट हायवेवर अंतर म्हणजे लिटर, पाण्याची बाटली, सूर्य किती वर आला ते. हा फरक अंगावर घ्यायला मी गेलो. मोटारीत बसून तो डोक्याला कळला असता, अंगाला नाही.

साशंक : गाडी कशी चालवायची ते तू फार चांगलं सांगितलंस. आता तेच पुन्हा मनात आण. बोटं तुझी, छाती तुझी, टाकी तुझी. गरुड आला तोही तुझ्या हेल्मेटवरचं संकट म्हणून. माझी पहिली शंका हीच आहे. मोटरसायकलवर माणूस सावध होतो, कबूल. पण ती सगळी सावधगिरी स्वतःचा जीव सांभाळण्यात खर्ची पडते. रस्त्याकडेचं झुडूप मल्गा आहे की सॉल्टबुश, हे थांबल्याशिवाय कळत नाही, आणि पेट्रोलच्या हिशेबात तू थांबत नाहीस.

दुसरी शंका त्या हिशेबाचीच. तू तोंडाने म्हणाला नाहीस, पण आपल्या बळावर गेलो ही भावना तुझ्या सांगण्यात आहे. कूबर पेडीला तू जे पेट्रोल भरलंस ते असल्याच एखाद्या रोड ट्रेनने आणलं होतं, जिचा दणका तू चुकवत होतास. आणि रस्त्याचं काय? जॉन मॅकडुअल स्टुअर्ट १८६२ मध्ये दक्षिणेकडून उत्तर किनाऱ्याला पोचला. दहा वर्षांत, १८७२ ला, साधारण त्याच वाटेने तार गेली, तारेची ठाणी बसली. स्टुअर्टला उत्तरेची वाट सापडली ती झऱ्यांमुळे. लेक एअरच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला जमिनीखालचं ग्रेट आर्टेशियन बेसिनचं पाणी दाबाने वर येतं, त्यातले क्षार साचून भोवती बुटके उंचवटे तयार होतात. एकापाठोपाठ एक अशी या झऱ्यांची माळच आहे. अरबाना लोकांना ते एकेक करून माहीत होते, त्यांच्या जाण्यायेण्याच्या आणि देवाणघेवाणीच्या वाटा त्यांवरून जात होत्या. स्टुअर्टने वाट शोधली असं शाळेच्या पुस्तकात असतं. त्याला सापडलं ते दुसऱ्यांच्या वापरातलं पाणी.

मग उंटवाले. १८६० मध्ये बर्क आणि विल्स यांच्या मोहिमेसाठी दोन डझन उंट कराचीहून जहाजाने आणले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे त्या कागदपत्रांचा कारभार आपल्या मुंबईच्या सरकारच्या हद्दीतला. १८६६ च्या सुरुवातीला पोर्ट ऑगस्टाला सव्वाशेच्या आसपास उंट आणि तीसेक उंटवाले उतरले. बलुची, सिंधी, पंजाबी, पठाण, पण इथले लोक सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. पुढे तारेचं सामान, रेल्वेचं सामान, पिठाची पोती, लोकरीचे गठ्ठे त्यांच्याच उंटांनी वाहिले. ज्या रस्त्यावर आपण एकटे होतो असं तुला वाटलं, त्याचा टप्पा न् टप्पा कोणीतरी चालून, वाहून, सांगून तयार केलेला आहे.

स्वार : यातलं बरंचसं मला निघताना माहीत नव्हतं. ते कुठे कळलं ते सांगतो. परतीच्या वाटेवर मार्लाला डांबरी हायवे सोडला आणि ऊडनडाटा ट्रॅकने मरीपर्यंत उतरलो. सहाशेच्या वर किलोमीटर कच्चा रस्ता. त्यावर आडव्या वळ्या पडलेल्या असतात. हळू गेलं तर प्रत्येक वळी दातांपर्यंत पोचते. सत्तर-ऐंशीने गेलं तर चाकं वरच्यावर निघून जातात, पण मग जमिनीवर पकड राहत नाही. दोन्हींच्या मधला वेग शोधत राहायचं. आणि मध्ये बुलडस्ट. चाळलेल्या पिठासारखी बारीक माती खड्ड्यात काठोकाठ भरून बसते, वरून रस्ता सपाट दिसतो. पुढचं चाक आत गेल्यावरच खोली कळते. वजन मागे घ्यायचं, थ्रॉटल सोडायचा नाही, पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. दिवसभर हे केल्यावर माणूस थांबतोच. तू म्हणतेस तो न थांबणारा स्वार हायवेवरचा. ट्रॅकवर थांबावंच लागतं.

विल्यम क्रीक आणि मरीच्या दरम्यान ‘बबलर’ नावाचा झरा आहे. गोल डबकं, काठाला हिरवी लव, भोवती पांढरा क्षार. तळाची वाळू आतल्या दाबाने हळूच उचलली जाते, एक मोठा बुडबुडा वर येऊन फुटतो, वाळू पुन्हा खाली बसते. ऊडनडाटाला २ जानेवारी १९६० ला ५०.७ अंश तापमान नोंदलं गेलं. त्या मुलखात हे पाणी बारमाही आहे. आणि त्या झऱ्यांच्या पट्ट्यातून जुन्या घान रेल्वेचा मातीचा भराव गेलेला दिसतो. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं म्हणून रूळ झऱ्यांच्या मागे मागे गेले. वाफेची गरज संपली आणि पुराने रूळ वाहून जाण्याचा वैताग उरला, तेव्हा १९८० मध्ये लाइन पुष्कळ पश्चिमेला नेली. मरीला उंटवाल्यांच्या जुन्या मशिदीची मातीत उभारलेली प्रतिकृती आहे. तिथे उभं राहून मला पहिल्यांदा कळलं की मी आठवडाभर पाण्याच्या माळेच्या कडेने फिरतो आहे. तू आत्ता जे सांगितलंस ते मी नंतर शोधून वाचलं, आणि वाचलेलं टिकलं ते तहान लागलेली होती म्हणून.

परावलंबनाचंही तसंच. रोडहाऊसवर मोटारवाला पेट्रोल भरतो, कॉफी घेतो, निघतो. धुळीने माखलेल्या माणसाला काउंटरवरची बाई विचारते, कुठून आलास, कुठे चाललास, पुढे पाऊस झालाय, रस्ता उघडा आहे का बघितलंस का. मोटरसायकलवर मला माझं बळ कमी आणि इतरांवरचा भार जास्त जाणवला. एकट्याच्या पराक्रमाची गोष्ट मी सांगत नाही.

साशंक : झऱ्यापाशी तू थांबलास ते मला आवडलं. पण तिथे तुला भेटलं कोण? भराव, रूळ, मशिदीची प्रतिकृती. निघून गेलेल्यांच्या खुणा. ज्यांचं ते पाणी, ते अरबाना लोक भेटले का? नाही भेटले. आणि तुला त्याची उणीवही वाटली नाही, कारण तुला हवी होती ती शांतता तिथे होती.

ती शांतता सगळी निसर्गाची नाही, हे मला तुला सांगायचं आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला कॉनिस्टन आहे, तुझ्या हायवेपासून फार लांब नाही. १९२८ मध्ये तिथे मोठा दुष्काळ होता. पाणवठ्यांवर गोऱ्यांची गुरं आणि तिथली माणसं समोरासमोर आली. ऑगस्टमध्ये एका पाणवठ्यावर फ्रेड ब्रुक्स नावाचा डिंगो पकडणारा मारला गेला. त्यानंतर कॉन्स्टेबल जॉर्ज मरेच्या तुकड्या वार्लपिरी, अनमात्यर आणि केटेच लोकांच्या वस्त्यांवर गोळ्या घालत फिरल्या. सरकारी आकडा ३१. तिथली माणसं सांगतात तो याहून कितीतरी मोठा. चौकशी मंडळाने हे सगळं स्वसंरक्षण ठरवलं. जे वाचले ते लांब पळाले, आणि कित्येक कुटुंबं आपल्या पाणवठ्यांवर परत आली नाहीत. आता त्याच १९२८ च्या मे महिन्यात काय झालं बघ. क्लॉनकरीहून जॉन फ्लिनच्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचं पहिलं विमान उडालं. मी डॉक्टर आहे. त्या सेवेबद्दल माझ्या मनात किती आदर आहे ते तुला माहीत आहे. त्यामुळेच त्या वर्षातल्या या दोन गोष्टी मला वेगळ्या ठेवता येत नाहीत.

पंचवीस वर्षांनी, १९५३ मध्ये, ब्रिटिशांनी ईमू फील्डला अणुचाचण्या केल्या, पुढे १९५६ ते १९६३ मरालिंगाला. तू ज्या मार्लाला वळलास त्या भागातल्या वालटिनाला यामी लेस्टर नावाचा लहान मुलगा होता. स्फोटानंतर काळं धुकं अंगावरून गेलं आणि पुढे आपली दृष्टी गेली, हे तो मोठा झाल्यावर आयुष्यभर सांगत राहिला. १९८४-८५ मध्ये रॉयल कमिशन बसलं ते अशा माणसांनी तोंड उघडलं म्हणून. चाचण्यांसाठी जागा निवडताना मनात एकच गोष्ट पक्की होती, की तिथे कोणी नाही. तू गाडीवर बसतोस तेव्हा हीच गोष्ट तुला ओढते. तुझा हेतू कितीतरी चांगला आहे, पण समजूत तीच.

स्वार : खरं सांगायचं तर, हो. तिथे कोणी नाही, हेच मला ओढतं. फोनला रेंज नाही, क्षितिजापर्यंत घर नाही, ही कल्पनाच मला पुण्यात वर्षभर पुरते. तू सांगितलंस त्यानंतर ती तशीच निरागस राहणार नाही, आणि राहू नये. पण मग निष्कर्ष काय? जाऊच नये? ज्यांना सगळा इतिहास पाठ आहे त्यांनीच जावं? तसं केलं तर ही माहिती तुमच्या वाचनालयांत राहील आणि हायवेवरून फक्त मला काय त्याचं म्हणणारे लोक जातील.

मला वाटतं फरक पडतो तो विचारून जाण्याने. लाव्हर्टनपासून यूलारापर्यंतचा ग्रेट सेंट्रल रोड घे. अकराशेच्या आसपास किलोमीटर, बराचसा तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीतून. त्यासाठी परवाना काढावा लागतो, रस्ता सोडून आत घुसायचं नाही. पंपावर कमी अ‍ॅरोमॅटिक असलेलं पेट्रोल मिळतं. वस्त्यांमधली मुलं पेट्रोल हुंगून मरत होती म्हणून २००५ पासून ते आणलं, आणि त्यासाठी तिथल्या आज्यांनी, मावश्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला होता. रायडर मंडळींत अजून चर्चा असते की हे पेट्रोल आपल्या इंजिनाला चालेल का. चालतं. पण ज्याने ते आपल्या टाकीत भरलं त्याला एकदा तरी विचारावं लागतं की इथलं पेट्रोल वेगळं का. उलुरूवर चढू नका अशी अनांगू लोक कित्येक वर्षं विनंती करत होते, तरी माणसं चढत होती. २६ ऑक्टोबर २०१९ ला ती चढण कायमची बंद झाली. ज्या प्रवासात जागोजागी परवानगी मागावी लागते आणि नको म्हटलेलं ऐकावं लागतं, तो प्रवास आणि मरालिंगाचा नकाशा हे तू एकाच रांगेत बसवू नकोस.

साशंक : बसवत नाही. परवान्याचा मुद्दा मला पटला, आणि पेट्रोलचा त्याहून जास्त. पण परवाना म्हणजे ओळख नव्हे. आता वेगाकडे ये. रॉबिन डेव्हिडसन १९७७ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून चार उंट आणि एक कुत्रा घेऊन निघाली आणि सुमारे २,७०० किलोमीटर चालत पश्चिम किनाऱ्याला पोचली. तुझ्या हायवेएवढंच अंतर. वाटेत एडी नावाचे पितजांतजारा समाजातले वडीलधारे गृहस्थ काही आठवडे तिच्याबरोबर चालले. कुठल्या जागी जायचं नाही, खायला काय मिळतं, पाणी कुठे, हे त्यांच्या पायांच्या वेगाने तिला दिसत गेलं. तिचं पुस्तक गाजलं, त्यावर सिनेमा निघाला, ते सोड. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तिच्या शेजारी दुसरा माणूस चालू शकत होता. ताशी ११० ने जाणाऱ्याच्या शेजारी कोण चालणार?

स्वार : कोणी नाही. पण काही आठवडे शेजारी चालून तरी किती कळतं? ते ज्ञान मिळायला त्या घरात जन्म लागतो, दीक्षा लागते, आजीच्या मागे वर्षानुवर्षं फिरावं लागतं. तिथे पन्नास हजारांहून जास्त वर्षं माणसं राहत आली आहेत. डेव्हिडसन किंवा मी, आम्ही दोघंही दाराबाहेरचेच. म्हणून मी ज्ञानाचा दावा करत नाही. माझा दावा लहान आहे. अडीचशे किलोमीटर पाण्यावाचून म्हणजे काय, याचं माप माझ्या अंगाला कळलं. माझ्या टाकीला, दोन बाटल्यांना आणि कातडीला ते झेपता झेपता झेपलं. मग कोणी म्हणतं की इथे माणसं पेट्रोलशिवाय, पंपाशिवाय, पिढ्यान् पिढ्या पोटभर जगली, तेव्हा त्यांना काय काय ठाऊक असलं पाहिजे याचा मला अंदाज येतो. त्यांचं ज्ञान माझ्याकडे येत नाही. ते केवढं मोठं आहे हे माझ्या तोकडेपणावरून मोजता येतं.

साशंक : इथे आपण खऱ्या मुद्द्यावर आलो. तुझं माप मला अर्धंच बरोबर वाटतं. कूपर क्रीकला काय झालं ते आठव. १८६१ मध्ये बर्क आणि विल्स तिथे मेले. ते मेले ती जागा ओसाड नव्हती. ओढ्याला पाणी होतं, मासे होते, आणि यांद्रुवांधा लोक शेजारी राहत होते. त्यांनी या गोऱ्यांना मासे दिले, नारडू नावाच्या पाणथळ वनस्पतीची भाकरी दिली. बर्कने त्यांना धमकावायला गोळी झाडली, तेव्हा ते दूर गेले. मग या दोघांनी नारडू आपल्या पद्धतीने करून खाल्लं. दळायची, पाण्यात कालवायची, भाजायची तिथली रीत पाळली नाही तर नारडू पोट भरतं पण थायमिन मारतं. डॉक्टर म्हणून मी ती लक्षणं वाचते तेव्हा बेरीबेरीच डोळ्यांसमोर येतो. रोज खात होते आणि रोज क्षीण होत होते. तिसरा, जॉन किंग, यांद्रुवांधांकडे जाऊन राहिला आणि जगला. म्हणून म्हणते, तू ज्याला पाण्यावाचूनचे अडीचशे किलोमीटर म्हणतोस ते त्या जमिनीचं वर्णन होत नाही. ते तुझं वर्णन आहे. तुझी तहान तू जमिनीच्या नावावर लिहितोस, आणि मग त्या जमिनीत टिकलेल्यांना थोर म्हणतोस. त्यांच्या लेखी तिथे टिकून राहण्याचा प्रश्नच नव्हता. ते घरी होते.

स्वार : हे मी असं पाहिलं नव्हतं. पण तू आता जे म्हणालीस तेच मला झऱ्याच्या काठावर अर्धवट जाणवलं होतं, फक्त शब्द नव्हते. दिवसभर मी मनात म्हणत होतो की हा मुलूख कोरडा आहे. समोर पाणी उसळत होतं. कोरडा मी होतो. आपल्या तोकडेपणाला आपण जागेचा स्वभाव म्हणतो, ही चूक मुळात लक्षात यायला आधी तोकडं पडावं लागतं. मोटारीत डबाभर पाणी घेऊन बसलेल्याला ती चूक करायची संधीच मिळत नाही, आणि दुरुस्त करायचीही नाही.

आणि एक विचारू? ऊडनडाटा, अ‍ॅलिस, वस्त्यांमधली माणसं तुझ्या वॉर्डात येतात. महिना महिना राहतात. तुझं त्यांच्याशी काय बोलणं होतं?

साशंक : किडनीचं. साखरेचं. गोळ्या घेतल्या का, जेवण गेलं का. कित्येकांना घरची आठवण इतकी येते की उपचार अर्धवट टाकून जायचं म्हणतात. मग मी समजावते की तिथे सोय नाही.

स्वार : म्हणजे तुझ्याही तोंडी तेच आलं. तिथे सोय नाही.

साशंक : आलं. मशीन खरोखरच तिथे नसेल तर मी काय म्हणू? पण तू बोट ठेवलंस ते बरोबर जागी ठेवलंस. न जाणारा माणूस आपोआप जवळचा होत नाही. मी त्यांच्या रक्तातलं क्रिअ‍ॅटिनिन जाणते, त्यांचं पाणी जाणत नाही. ते मान्य करूनही माझी एक शंका उरतेच, आणि ती मला सगळ्यांत जड वाटते. तुझ्या खिशात बीकन असतं. पडलास, पाय मोडला, तर बटण दाबशील. मग पोर्ट ऑगस्टा नाही तर अ‍ॅलिसहून विमान निघेल. पैसे तुझ्याकडून घेणार नाहीत, सेवा तशीच उभी केलेली आहे. पण त्या दोन-तीन तासांत ते विमान, तो वैमानिक, ती नर्स दुसरीकडे नसतील. दुसरीकडे म्हणजे एखाद्या गुरांच्या स्टेशनवरची अडलेली बाळंतीण, किंवा वस्तीतला छातीत दुखायला लागलेला म्हातारा. ते तिथे राहतात. तू तिथे हौसेने गेलेला असतोस. तुला तोकडं पडून जे कळतं, त्याची किंमत त्यांनी का द्यावी?

स्वार : त्या न्यायाने खाणवाला, गुरं राखणारा, ट्रक ड्रायव्हर...

साशंक : ते कामाला गेलेले असतात. तुलना करू नकोस.

स्वार : बरं, नाही करत. मी अंधारात चालवत नाही. दिवस कलायला लागला की कांगारू रस्त्यावर येतात, त्याच्या आत मुक्काम. उन्हाळ्यात ट्रॅकवर जात नाही. पाणी लागतं त्याच्या दुप्पट घेतो. धोका कमी होतो, संपत नाही. तो शून्यावर आणायचा तर घरी बसावं लागेल.

साशंक : किंवा एकट्याने जाऊ नये. दोघं-तिघं जा. एकाला लागलं तर दुसरा हायवेपर्यंत आणेल, कित्येकदा विमान लागणारच नाही.

स्वार : ते मी करून बघितलंय, लडाखला. गटात गेलं की बोलणं आपसात. चहाला थांबलो तरी गप्पा गाडीच्या, मायलेजच्या, पुढच्या मुक्कामाच्या. काउंटरवरची बाई गटाला काही विचारत नाही, बिल देते. बबलरच्या काठावर तिघं असतो तर फोटो काढून निघालो असतो. मला तिथे जे काही उमगलं ते गप्प बसावं लागल्यामुळे.

साशंक : म्हणजे तुला उमगायला एकटेपणा लागतो, आणि तुझ्या एकटेपणाचा धोका वाहायला तिथली माणसं लागतात. ज्या माणसांवर आधीच इतक्या जणांनी इतकं लादलं आहे, तीच.

स्वार : हो. इथे मी अडकतो. यातून सुटायची वाट मला दिसत नाही, आणि तरी जायचं आहे हेही खरं आहे. येत्या जूनमध्ये इनामिंकाला जाऊन राहायचं मनात होतं. स्ट्रझेलेकी ट्रॅकने वर, कूपर क्रीकपाशी मुक्काम. डार्विनपर्यंत धावायचं नाही. किलोमीटर कमी, दिवस जास्त.

साशंक : तिथे राहणं त्या लोकांना चालेल का, हे विचारलंस?

स्वार : अजून नाही. पण यांद्रुवांधांच्या वतीने बोलणारं कोणीतरी असेल, त्यांना पत्र लिहून विचारता येईल. मासे आणि नारडू कोणी दाखवेल का, की नुसतं ओढ्याच्या काठी तंबू टाकून गप्प बसावं, का तेही नको, हे विचारीन.

साशंक : आणि नको म्हणाले तर?

स्वार : तर इनामिंका रद्द. रस्ता सार्वजनिक असला तरी.

साशंक : हो म्हणाले तरी बीकनचा प्रश्न राहतो.

स्वार : राहतो. त्यावर आज माझ्याकडे एवढंच आहे की दिवसाला तीनशेच्या वर जाणार नाही, आणि सॅटेलाइटवरून रोज संध्याकाळी तुला मेसेज करीन. हे पुरेसं नाही, मला कळतं.

साशंक : नाहीच पुरेसं. पण मेसेज कर.